शाळेच्या आवारातली माती : सातवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै

आज विज्ञानाच्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर 'माती' एवढाच शब्द लिहिला आणि हा शब्द आपल्या बोलण्यात कुठे कुठे येतो ते सांगा म्हटलं. पाच मिनिटांत फळा भरला. मातीमोल भावाने विकलं. सगळ्याचं मातेरं केलं. ऐन वेळी माती खाल्ली. एवढे कष्ट मातीत गेले. शेवटच्या बाकावरून 'काळी आई' आलं, तेव्हा वर्ग थोडा शांत झाला. अठरा शब्दप्रयोगांत मातीबद्दल चांगलं बोलणारा तो एकच. मुलांनीच मोजलं.

मृदेचे घटक या धड्यावरचं उत्तर सगळ्यांना येतं : खनिजं सुमारे ४५ टक्के, पाणी २५, हवा २५, सेंद्रिय पदार्थ ५. पण 'आपल्या आवारात चांगली माती कुठे आहे?' असं विचारल्यावर एकही हात वर झाला नाही. म्हणून हा प्रकल्प. वर्गात ४२ मुलं, सातांचे सहा गट. डिसेंबरपर्यंत दोनच जागा बघायच्या, पण नीट बघायच्या.

५ जुलै

जागा ठरल्या. पहिली, कुंपणालगतच्या मोठ्या झाडाखालची. तिथे कोणी खेळत नाही आणि झाडूही पोहोचत नाही. दुसरी, मैदानाचा टक्कल पडलेला कोपरा. तिथे पावसानंतर दोन दिवस डबकं असतं, मग भेगा पडतात. दोन्हींमध्ये जेमतेम ३० पावलांचं अंतर.

रात्री पाऊस झाला होता, म्हणून लगेच खणू दिलं नाही. मुलांना 'वाफसा' हा शब्द शिकवला. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, पाण्याइतकीच हवाही खेळते आहे, अशी स्थिती. ओळखायची सोपी रीत : मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि अंगठ्याने टोचायचा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. अंगठा रुतून राहिला तर अजून थांबायचं. झाडाखालचा गोळा आजच फुटला. मैदानातला लाडवासारखा घट्ट राहिला.

ओल्या मातीची अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये पट्टी काढायलाही शिकवलं. चिकणमाती जितकी जास्त तितकी पट्टी लांब निघते. दोन्ही जागांची पट्टी तुटायच्या आधी चारेक सेंटिमीटर गेली. हे मला अपेक्षित नव्हतं. नोंद करून ठेवते.

हाताला जखम असलेल्यांना हातमोजे दिले. तास संपल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुतले, नखांसकट. दर वेळी हे करायचंच.

दोन्ही ठिकाणची अंगठ्याएवढी ढेकळं सावलीत वाळत ठेवली.

९ जुलै

आजचा तास मी बराच काळ विसरणार नाही.

काचेच्या दोन उंच पेल्यांत पाणी भरलं. तोंडाशी जाळीचा तुकडा असा अडकवला की ढेकूळ पाण्यात बुडेल पण तळाला जाणार नाही. दोन्हींत एकाच वेळी एकेक वाळलेलं ढेकूळ सोडलं. मैदानातल्या ढेकळातून आधी बुडबुडे आले. मग एका कडेचा पापुद्रा सुटला, पाठोपाठ दुसरा, आणि अर्ध्या मिनिटात भिंत कोसळावी तसं सगळं ढेकूळ जाळीतून खाली बसलं. पाणी गढूळ. झाडाखालचं ढेकूळ मात्र तसंच. बुडबुडे त्यातूनही आले, पण ते जागचं हललं नाही. तास संपेपर्यंत होतं. मधल्या सुट्टीत होतं. शाळा सुटताना मुलं पुन्हा बघायला आली तेव्हाही होतं, आणि त्याच्या आजूबाजूचं पाणी स्वच्छ होतं.

'बाई, त्याला कोणी चिकटवलंय का?' एका मुलीने विचारलं. प्रश्न अगदी नेमका. कोरड्या ढेकळात पाणी शिरतं तेव्हा आतली हवा कोंडते आणि बाहेर पडायला वाट शोधते. कण नुसतेच एकमेकांवर रचलेले असतील तर हवा ढेकूळ आतून फोडते. जिवंत मातीत बुरशीचे तंतू कणांना बांधून ठेवतात, आणि जिवाणू व मुळं जे चिकट पदार्थ सोडतात ते डिंकासारखं काम करतात. म्हणजे चिकटवणारे आहेत, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. भिंगातून मात्र एका कडेला पांढरा, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू दिसला. ४२ मुलांनी रांगेने बघितला. मी दोनदा बघितला.

१२ जुलै

बाटलीतल्या पाण्यात मातीचे वाळू, गाळ आणि चिकणमाती असे वेगळे थर बसवण्याचा प्रयोग फसला. सगळी माती एकाच थरात खाली बसली. चूक माझी : ढेकळं फोडून घेतली नाहीत आणि पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकायचे राहिले. त्यामुळे कण गुच्छ करूनच खाली गेले. पुन्हा करायचा.

१५ जुलै

आज जमला. माती कुटून चाळली, साबणाचे चार थेंब टाकले, आणि गटातल्या मुलांनी आळीपाळीने दहा मिनिटं बाटल्या हलवल्या. मिनिटभरात वाळू तळाशी बसली, तिथे पहिली खूण. दोन तासांनी गाळाच्या थरावर दुसरी. चिकणमातीचे कण उद्या-परवापर्यंत तरंगत राहतील. वाळूचा मोठ्यात मोठा कण २ मिलिमीटरचा, चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान. चिकणमातीचा सर्वांत मोठा कण टाचणीच्या डोक्याएवढा धरला, तर त्या हिशोबाने वाळूचा मोठा कण माणसापेक्षा उंच भरेल. मुलांनी हे वहीत चित्र काढून समजून घेतलं.

१७ जुलै

बाटल्यांतलं पाणी निवळलं. दोन्ही जागांचे थर पट्टीने मोजले, तर जवळजवळ सारखेच निघाले! वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं प्रमाण दोन्हींकडे एकच. ५ तारखेला बोटांत काढलेली पट्टी दोन्हींची सारखी निघाली, तीही याच कारणाने.

मग ढेकळं इतकी वेगळी का वागली? वर्ग गप्प झाला. एक मुलगा हळूच म्हणाला, 'बाई, म्हणजे माती एकच आहे, आपण तिच्याशी वेगळं वागलो.'

आता सगळा प्रकल्प या वाक्यावर उभा करायचा. मैदानाच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं पावलं पडली, पडलेलं प्रत्येक पान रोज झाडून नेलं गेलं, उन्हापावसात जमीन उघडी राहिली. झाडाखाली यातलं काहीच झालं नाही. मागच्या वर्षी स्वच्छ आवाराच्या स्पर्धेत मीच त्या कोपऱ्याला बक्षीस दिलं होतं, एकही पान दिसत नाही म्हणून. ते मला आज फार लागलं, आणि मुलांना मी ते सांगितलंही.

१८ जुलै

मातीतले जीव किती काम करतात ते बघायला कापडं पुरली. जुन्या, धुतलेल्या, शंभर टक्के सुती कापडाचे २० सेंटिमीटर बाजूचे चौकोन, कडा शिवलेले, वजन करून. प्रत्येक जागी चार, १५ सेंटिमीटर खोल. सोबत पॉलिएस्टरचा एकेक तुकडा, तुलनेसाठी. खुणेला काठ्या रोवल्या. एका मुलीने कोणी न सांगता भिंतीच्या कोपऱ्यापासून प्रत्येक खड्ड्याचं अंतर टेपने मोजून वहीत लिहिलं.

२४ जुलै

पाणी किती वेळात मुरतं ते आज बघितलं. १० सेंटिमीटर व्यासाचा, तळ कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून बसवायचा आणि आत २०० मिलिलिटर पाणी ओतायचं. वर्तुळाचं क्षेत्रफळ मुलांना येतंच. तेवढं पाणी म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर पाऊस, हे त्यांनीच काढलं. गणिताच्या बाई पुढच्या आठवड्यात हाच हिशोब त्यांच्या तासाला घेणार आहेत.

झाडाखाली पाणी २ मिनिटं १० सेकंदांत जिरलं. मैदानात ४० मिनिटांनी तास संपला तरी निम्मं पाणी डब्यात होतं. डबकं का साचतं, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

६ ऑगस्ट

दोन तिरके ट्रे, दोन्हींत मैदानातलीच माती. एक उघडा, दुसऱ्यावर वाळलेली पानं अंथरलेली. झारीने सारखंच पाणी. उघड्या ट्रेमधून चहाच्या रंगाचं पाणी आलं, झाकलेल्यातून कमी आणि जवळजवळ स्वच्छ. ट्रेच्या कडेला उभ्या केलेल्या पांढऱ्या कागदावर मातीचे शिंतोडे हातभर उंच उडाले होते. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वर. मधे एक पान आलं की तो मार पान खातं.

यावरून १९३०च्या दशकातली अमेरिकेतली धुळीची वादळं सांगितली. मधल्या मैदानी प्रदेशातलं मूळचं गवत नांगरून टाकलं, त्यात दुष्काळ पडला, आणि उघडी जमीन अक्षरशः उडून गेली. मे १९३४मध्ये ती धूळ न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. ह्यू बेनेट हे मृदातज्ज्ञ आधीपासून कानीकपाळी ओरडत होते. अखेर २७ एप्रिल १९३५ रोजी तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला. मातीसाठी कायदा करावा लागतो, याचं मुलांना फार नवल वाटलं.

९ ऑगस्ट

मुलांनी ठरवलं : मैदानाच्या कोपऱ्यातली ३ मीटर बाय ३ मीटरची जागा पानांनी झाकायची. खेळायला बाकीचं मैदान आहेच. अडचण पानांची. शिपाई मामा ती रोज सकाळी गोळा करून मागच्या बाजूला जाळतात. मुलं त्यांच्याशी बोलायला गेली ती जरा तावातावातच, म्हणून मी मधे पडले. मामांचं म्हणणं रास्त होतं. पाचोळ्याचा ढीग साठला की साप-विंचू येतात, आणि तक्रार झाली तर बोलणी त्यांनाच बसतात. त्यांच्यावर स्वच्छतेची सक्ती आपणच केलेली आहे.

मग असं ठरलं : ढीग कुठेच करायचा नाही. पानं त्याच दिवशी त्या चौकोनात पसरायची, थर चार बोटांपेक्षा जाड नको, भिंतीपासून दोन मीटर अंतर ठेवायचं, आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघायचं. मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली, आणि पानं जाळणं बंद करण्याची लेखी सूचनाही काढली. दुसरी गोष्ट आम्ही मागितलीही नव्हती.

१३ ऑगस्ट

चौकोन आखला. घट्ट झालेल्या जमिनीत वाफसा बघून बागकामाच्या काट्याने भोकं पाडली, पण माती उलटवली नाही. वर दोन घमेली झाडाखालची माती विरजणासारखी शिंपडली, मग पानं. नुसती वाळकी पानं कुजायला वेळ लागतो. त्यांत कर्ब भरपूर असतो, पण नत्र कमी. म्हणून कापलेलं हिरवं गवतही मिसळलं. भोवती दोरी बांधली.

२८ ऑगस्ट

बाटलीचा झाकणाकडचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा केला, तोंडाशी जाळी लावली, वर झाडाखालची पानमाती भरली, त्यावर दिवा धरला आणि खाली ओला कापूस ठेवलेली वाटी. उजेड आणि उष्णता टाळत मातीतले जीव खाली सरकतात. दुसऱ्या दिवशी वाटीत स्प्रिंगटेल हे उड्या मारणारे बारीक जीव, माइट हे कोळ्याच्या नात्यातले बारीक जीव आणि एक लहानशी गोम. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली दुमडलेला चिमटा असतो, तो सुटला की प्राणी टुणकन उडतो. वाटीतल्या एकाने भर वर्गात ते करून दाखवलं आणि एकच गिल्ला झाला. बघून झाल्यावर सगळे जीव होते तिथे नेऊन सोडले. किडा म्हटलं की चप्पल काढणारी मुलं आज कापूस हलू नये म्हणून दोन्ही हातांनी वाटी धरून चालत होती.

१९ सप्टेंबर

नऊ आठवडे झाले, कापडं काढली. मैदानातल्या काठ्या खेळताना कोणीतरी उपटून टाकल्या होत्या. त्या मुलीच्या वहीतली मापं नसती तर खड्डे सापडलेच नसते.

झाडाखालचं पहिलं कापड वर काढताना हातात आली ती चौकटीची शिवण. कापड जवळजवळ नाहीसं झालं होतं. शिवणीचा कृत्रिम धागा जसाच्या तसा, आणि त्याला लोंबकळणारी जाळीसारखी काही चिंध्यांची टोकं. एका चिंधीतून केसासारखं मूळ आरपार गेलेलं. मैदानातली कापडं मळकी, करडे डाग पडलेली, एकाला कडेला तीन भोकं, बाकी धड. धुऊन वाळवून वजन केलं. मैदानातल्यांचं वजन फारसं घटलं नव्हतं, आणि झाडाखालचं वजन करण्याजोगं काही राहिलं नव्हतं. पॉलिएस्टर दोन्हीकडे कोरं करकरीत.

सूत म्हणजे सेल्युलोज, वनस्पतींच्या शरीरातला तंतुमय पदार्थ. बुरशी आणि जिवाणू विकरांनी, म्हणजे पचवणाऱ्या रसांनी, त्याची साखर करून खातात. 'मग पॉलिएस्टर कोण खातं?' इतक्या वेळात तरी कोणीच नाही, झिजून त्याचे बारीक तंतू मातीत साठत जातात. हे ऐकून एका मुलाने स्वतःच्या शर्टाच्या आतली पट्टी वाचून बघितली. मग सगळ्यांनीच वाचल्या.

२६ सप्टेंबर

'नऊ आठवडे म्हणजे फार वेळ' अशी कुरकुर ऐकू आली, म्हणून चार्ल्स डार्विन सांगितला. त्याने डिसेंबर १८४२मध्ये घराजवळच्या कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले आणि १८७१मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी, तिथे चर खणून बघितलं. तुकड्यांची पांढरी रेघ सात इंच, साधारण १८ सेंटिमीटर खाली गेलेली होती. गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीने ती गाडली होती. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक १८८१मध्ये आलं, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

एका मुलीने लगेच अडवलं. 'बाई, तुम्ही म्हणाला होता दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षंही लागू शकतात. मग तिथे २९ वर्षांत १८ सेंटिमीटर कशी आली?'

इतका आनंद मला अलीकडे कशाने झाला नव्हता. पाठांतर केलेल्या दोन गोष्टी तिने एकमेकींसमोर उभ्या केल्या होत्या. उत्तर वर्गानेच चर्चा करून काढलं : गांडूळ खालची माती वर आणतं, खडकाची नवी माती करत नाही. ते घर आवरणं झालं, घर बांधणं नव्हे. खडक झिजून माती होण्याचा वेग फार कमी, आणि उघड्या ट्रेमधून ती वाहून जायला दहा मिनिटं पुरतात. 'शाश्वत' हा शब्द मी मुद्दाम आजवर वापरला नव्हता. आज वापरला, आणि त्याची व्याख्या सांगावी लागली नाही.

१० ऑक्टोबर

सहामाही परीक्षा. चौकोनात पानं टाकणं मामांनी एकट्याने चालू ठेवलं.

७ नोव्हेंबर

चित्रकलेच्या तासाला मातीचे रंग केले. घरून येताना प्रत्येकाने पसाभर माती आणली, ती कुटून, वस्त्रगाळ करून, डिंकाच्या पाण्यात कालवली. १४ वेगळ्या छटा निघाल्या. तांबडा रंग हेमॅटाइटचा, पिवळसर गोथाइटचा. दोन्ही लोहाचीच खनिजं. काळपट रंग बहुतेक वेळा कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचा, राखाडी-निळसर म्हणजे माती फार काळ पाण्याखाली, हवेवाचून राहिलेली.

ओल्या रंगांचा वास वर्गभर पसरला तेव्हा मृद्गंधाचं गुपित सांगितलं. तो वास मुख्यतः जिओस्मिन या पदार्थाचा, आणि तो स्ट्रेप्टोमायसीस वर्गातले जिवाणू तयार करतात. याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयरोगावर गुणकारी ठरलेलं पहिलं प्रतिजैविक. सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या त्यांच्या विद्यार्थ्याने ते वेगळं केलं. १९५२चं नोबेल मात्र एकट्या वाक्समन यांना मिळालं. मुलांना हा अन्याय वाटला आणि उरलेला तास त्यातच गेला. जाऊ दिला.

५ डिसेंबर

जागतिक मृदा दिन. संयुक्त राष्ट्रांतर्फे तो २०१४पासून पाळला जातो. आम्ही भाषणं ठेवली नाहीत. पाचवी-सहावीच्या मुलांना चौकोनापाशी बोलावलं आणि सातवीच्या मुलांनी त्यांच्यासमोर जुलैतल्या चाचण्या पुन्हा केल्या.

पाणी मुरायला चौकोनात ११ मिनिटं लागली. दोरीच्या बाहेर, हातभर अंतरावर, ४० मिनिटांनंतरही पाणी होतंच. २० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात झाडाखाली सात गांडुळं, चौकोनात दोन, दोरीबाहेर एकही नाही.

चार दिवस आधी वाळत घातलेलं चौकोनातलं ढेकूळ पाण्यात सोडलं. सगळे श्वास रोखून. तीन मिनिटं टिकलं, मग एका बाजूने ढासळायला लागलं. निम्मं जाळीवर राहिलं. लहान मुलांना ते फुटल्याचं वाईट वाटलं. सातवीची मुलं मात्र घड्याळाकडे बघत होती, कारण जुलैतलं अर्ध्या मिनिटात गेलं होतं.

१० डिसेंबर

वर्गात ठराव झाला : दोरी काढायची नाही, उलट चौकोन पुढच्या वर्षी एक मीटरने वाढवायचा. मामांनी भिंतीजवळची दोन रोपं तिकडे हलवायचं सुचवलं आहे. पाऊस सुरू झाल्यावर, वाफसा बघून.

नोंदवही सहावीच्या वर्गाकडे दिली. आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाणी मुरण्याची वेळ त्यांनी घ्यायची. डबा, जाळी आणि भिंग प्रयोगशाळेच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. पॉलिएस्टरचे दोन्ही तुकडे त्याच जागी परत पुरले आहेत, अंतरं वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. ते उकरायची तारीख त्या टेपवाल्या मुलीने लिहिली आहे : २९ वर्षांनंतरची.